धाप आणि प्राणवायू

पऱ्हाटी-तुऱ्हाट्यांच्या चुलीपुढे चाळीस वर्षे बसलेली आमची आजी कधी विडीला शिवली नाही. तरी फुप्फुसांचा जुनाट विकार, डॉक्टरांच्या भाषेत 'सीओपीडी', तिला जडलाच. हा रोग केवळ धूम्रपानाने होत नाही, चुलीच्या धुरानेही होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले.

२०२१ च्या करोना लाटेत एका नातलगाने घेतलेले ऑक्सिजनचे यंत्र पुढे आमच्या घरी आले. धाप लागली की आजी म्हणे, "लाव रे ते मशीन, मले हवाच पुरत नाही." आम्ही लावीत असू. चूक तेथेच होती.

धाप लागणे आणि रक्तात प्राणवायू कमी असणे या भिन्न गोष्टी होत. या रोगात श्वासनलिका अरुंद होतात, आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, छातीच्या स्नायूंना कष्ट पडतात. रक्तात प्राणवायू पुरेसा असूनही जीव घाबरा होतो. उलट, काहींचा प्राणवायू बराच घटलेला असूनही त्यांना तितकी धाप जाणवत नाही. म्हणून मोजणे आवश्यक.

१९८० साली अमेरिकेत व १९८१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी याचा पाया घातला. औषधोपचार नीट चालू असताना, स्वस्थ बसलेल्या रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूचा दाब ५५ मि.मी. किंवा त्याहून कमी असेल (ऑक्सिमीटरवर सुमारे ८८ टक्के वा खाली), तर रोज निदान १५ तास प्राणवायू दिल्याने आयुष्य वाढते. दाब ६० च्या आत असून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला असेल, तरीही तो देतात. याहून सौम्य कमतरतेत मात्र आयुष्यही वाढत नाही आणि रुग्णालयाच्या वाऱ्याही टळत नाहीत, असे २०१६ च्या अमेरिकन चाचणीत दिसले. शिवाय अशा काही रुग्णांना प्राणवायू अति झाला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. म्हणून दुखणे एकाएकी बळावले असतानाही डॉक्टर प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांतच राखतात.

आजीचे प्रमाण ९३ भरले. अमरावतीच्या डॉक्टरांनी यंत्र बंद करून श्वासाचा पंप दिला, ओठ मिटल्यासारखे करून सावकाश श्वास सोडायला शिकवले आणि चूल सोडायला लावली. आजी रुसली. "काहून रे बाप्पा, मले मारता काय?" हा प्रश्न ऐकून घरात कुणालाच जेवण गेले नाही. दोन महिन्यांनी मात्र ती पंप घेऊन देवळापर्यंत जाऊ लागली.

यंत्र आता शेजारच्या काकांकडे आहे. त्यांचे प्रमाण ८४, पायांवर सूज. डॉक्टरांनीच ते लिहून दिले. हे यंत्र खोलीतल्या हवेतूनच प्राणवायू वेगळा काढते, साठवून ठेवीत नाही. वीज गेली की थांबते. त्यासाठी एक सिलिंडर भरून ठेवला आहे. आणि प्राणवायूजवळ ठिणगी भडका उडविते, म्हणून काकांचा विडीबंडल सूनबाईंनी कुठे दडविला, ते त्यांना अजून सापडलेले नाही.