शिकाऊ माळ्याच्या हाती चाकू कधी?

झाडांची आवड असली की बागकामात समाधान आपोआप मिळते, असा आपला समज असतो. आवड मुलांना या कामापर्यंत आणते खरी. पण उन्हापावसात दिवसभर कंबर वाकवून काम करताना त्यांना टिकवून धरते ते शिकायला मिळणे.

जर्मनीत माळीकाम हा रीतसर शिकण्याचा व्यवसाय आहे. साधारण तीन वर्षे शिकाऊ मुले-मुली मालकाच्या बागेत काम करतात आणि जोडीने व्यवसायशाळेत जातात. शाखा सात: फळबाग, भाजीपाला, फुलझाडे, बहुवर्षायू झाडे, वृक्षांची रोपवाटिका, उद्यानरचना आणि दफनभूमीतील बागा.

या शिक्षणाला 1969 च्या कायद्याचा आधार आहे. शिकाऊला शिक्षणाच्या उपयोगाचे आणि अंगाला झेपेल असेच काम द्यायचे, हत्यारे मालकाने फुकट पुरवायची. काय शिकलो याची नोंदवही शिकाऊ ठेवतो. ती लिहायला कामाच्या जागीच सवड द्यावी लागते. 2020 पासून किमान विद्यावेतनही ठरले. त्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांसाठी ते महिना 515 युरो होते. दुसऱ्या वर्षी त्यावर 18 टक्के, तिसऱ्या वर्षी 35 टक्के जास्त.

कायदा असला तरी तक्रारी उरतातच. तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघाची युवा शाखा निरनिराळ्या व्यवसायांतल्या शिकाऊंची दरवर्षी पाहणी करते. जादा तास किती? शिकवणारा जागेवर असतो का? शिक्षणाशी संबंध नसलेली कामे करावी लागतात का? समाधानाचा अंदाज अशाच प्रश्नांतून येतो.

बागकामात तर हे प्रश्न अधिकच टोचतात, कारण हंगाम थांबत नाही. लागवडीची घाई झाली की मालकाला शिकाऊपेक्षा राबणारे दोन हात हवे असतात. तण काढणे, कुंड्या भरणे हेही शिक्षणच आहे. मात्र हे तण कोणते, या रोपाला हीच माती का, हे कोणी सांगितले तर. नाहीतर ती नुसती मजुरी.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे. तरी अनेक रोपवाटिकांत मुले ओळखीपाळखीने कामाला लागतात आणि पिशव्या भरण्यातच अडकतात. आंब्याचे कोय कलम बांधायला कोवळ्या खुंटात चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा काप घ्यायचा, दोन्हींच्या साली जुळवून पट्टी घट्ट आवळायची. हे नुसते बघून येत नाही; त्यासाठी आधी काही कलमे वाया जावी लागतात. तो शिकवण्याचा खर्च मालकाने मनापासून सोसायला हवा.

2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिकडे मुले पाठवताना तिकडची नोंदवहीची शिस्त इकडे आणायला काय हरकत आहे? प्रत्येक रोपवाटिकेने नव्या मुलाला पहिल्याच हंगामात चाकू द्यावा, शेजारी जाणता माळी उभा करावा आणि मुलाने बांधलेली किती कलमे जगली याचा हिशेब त्यालाच ठेवू द्यावा. आपण जगवलेल्या कलमांचा आकडा वाढताना दिसला, की मुलगा ते काम सहसा सोडत नाही.