चमचाभर लघवी, पाच चुगलखोर!

‘ई…’ म्हणून पान उलटू नका! आजची हिरॉइन तुम्ही रोज सहा-सात वेळा फ्लश करता. होय, लघवी! तिच्यात चक्क ब्रेकिंग न्यूज असते, आणि ती न्यूज फोडणारी जनुकं मूत्राशयाच्या कॅन्सरची चाहूल देतात. चला, सुटूया सुसाट!

मेनू तोच, ऑर्डर वेगळी

माहीत आहे का? डोळ्यातल्या पेशीत आणि मूत्राशयातल्या पेशीत जनुकांचा संच एकच असतो, साधारण २०,००० जनुकांचा! मग डोळा बघतो आणि मूत्राशय साठवतं, हे कसं? हॉटेलात मेनूकार्ड सगळ्या टेबलांवर सारखंच, पण या टेबलावर मिसळ येते आणि त्या टेबलावर मसाला डोसा. कोणत्या पेशीनं कोणतं जनुक किती ‘मागवलं’, याचंच नाव जीन एक्स्प्रेशन. किचनकडे जाणारी ऑर्डरची चिठ्ठी म्हणजे एमआरएनए. कॅन्सरची पेशी भलत्याच ऑर्डरी सोडते. चिठ्ठी सापडली, की चोर सापडला!

आत कायम पावसाळा

मूत्राशयाच्या अस्तरातल्या सर्वांत वरच्या पेशींना डॉक्टर काय म्हणतात, माहीत आहे का? अम्ब्रेला सेल! पिशवी रिकामी असली की या पेशी फुगीर दिसतात, भरली की चपट्या होऊन पसरतात आणि खालच्या पेशींवर छत्री धरतात. या अस्तरातल्या काही पेशी सुटून लघवीत उतरतात. गाठ असेल तर तिच्याही पेशी उतरतात, चिठ्ठ्या खिशात घेऊन!

पाच जणांची गँग

या चिठ्ठ्या वाचणारी एक टेस्ट न्यूझीलंडच्या डनीडिन शहरातल्या पॅसिफिक एज कंपनीनं काढली. नाव सीएक्सब्लॅडर. २०,००० जनुकांतून तिनं निवडली फक्त पाच: एमडीके, हॉक्सए१३, सीडीसी२, आयजीएफबीपी५ आणि सीएक्ससीआर२. नावं वाहनांच्या नंबरप्लेटसारखी, पण एकेकाची कुंडली बघाच.

बाळाची ऑर्डर, आजोबांच्या टेबलावर

एमडीके म्हणजे मिडकाइन. जपानी संशोधकांनी १९८८ मध्ये याची ओळख करून दिली. आईच्या पोटातलं बाळ अर्धं वाढलेलं असतं, तेव्हा हे जनुक जोरात असतं. ‘मिड’ आलं ते तिथूनच. मोठेपणी ते बहुतेक ठिकाणी शांत बसतं. मग सत्तरीच्या आजोबांच्या लघवीत ते धिंगाणा घालत असेल, तर कुणीतरी आत नको ती वाढ मागवलीय!

अंगठा दाखवणारं जनुक

हॉक्सए१३ काय करतं, माहीत आहे का? गर्भात हातापायांची बोटं घडवतं! त्यात जन्मतः बिघाड असेल तर हाताचे आणि पायाचे अंगठे आखूड राहू शकतात, शिवाय मूत्रमार्ग आणि जननेंद्रियांच्या रचनेतही दोष येतो. बोटं आणि मूत्रमार्ग, दोघांचा कारागीर एकच!

बिअरमधून थेट नोबेल

सीडीसी२ हे पेशीला ‘हं, आता दोन हो!’ असं सांगणारं जनुक. ते सापडलं एका यीस्टमध्ये, आणि ते यीस्ट पहिल्यांदा मिळालं होतं पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमध्ये. यीस्टचं आडनाव ‘पोंबे’, म्हणजे स्वाहिलीत बिअरच! १९८७ मध्ये पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेत हे जनुक बिघडलेल्या यीस्टला माणसाचं जनुक दिलं, तर यीस्ट मजेत वाढू लागलं. माणूस आणि यीस्टमध्ये स्पेअर पार्ट चालतो! २००१ च्या नोबेलमध्ये नर्स यांचा वाटा होता.

आणि हा पाचवा? हा वकील!

आयजीएफबीपी५ वाढीच्या संदेशांशी जोडलेलं. ते झालं चौथं. पण खरी धमाल पाचव्याची! सीएक्ससीआर२ कॅन्सर शोधतच नाही. ते जनुक पांढऱ्या पेशींचं. इन्फेक्शन किंवा सूज असली की याचा आवाज चढतो. म्हणजे चौघं ओरडतायत ‘चोर, चोर’, आणि हा सांगतो, ‘थांबा, मिलॉर्ड, हे साधं इन्फेक्शन असू शकतं!’ चार फिर्यादी आणि एक बचावाचा वकील. खोटे अलार्म कमी करण्याची ही युक्ती मला तर भन्नाट वाटते.

झटपट पॅकिंग

एमआरएनए फार नाजूक. त्याचे तुकडे करणारी एन्झाइम्स लघवीत असतात, आपल्या बोटांवरही असतात. म्हणून नमुन्याच्या नळीत आधीच एक द्रव भरलेला असतो. लघवी त्यात मिसळली की चिठ्ठ्या जणू लॅमिनेट होतात आणि लॅबपर्यंत शाबूत पोचतात.

आरटी म्हणजे काय रे भाऊ?

कोविडच्या काळात सगळे ‘आरटीपीसीआर, आरटीपीसीआर’ करत होते, पण त्यातलं ‘आरटी’ म्हणजे काय, माहीत आहे का? रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शन! आरएनएवरून उलट डीएनए लिहून काढणं. हे घडवणारं एन्झाइम १९७० मध्ये सापडलं आणि १९७५ मध्ये नोबेल घेऊन गेलं. पुढचं काम पीसीआरचं: एकाचे दोन, दोनाचे चार… दर फेरीला दुप्पट धरलं तर ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या १०७ कोटींहून जास्त! कुजबुजीचा लाऊडस्पीकर झाला की नाही?

टीबीवालं मशीन, नवी ड्युटी

क्षयाच्या तपासणीचं ‘सीबीनॅट’ मशीन आपल्याकडच्या कितीतरी सरकारी दवाखान्यांत आहे. त्याचं खरं नाव जीनएक्स्पर्ट. माहीत आहे का? याच मशीनसाठी मूत्राशयाच्या कॅन्सरचं कार्ट्रिजही निघालं! त्यातही पाच जनुकं, निकाल साधारण दीड तासात. म्हणजे एक सिनेमा संपायच्या आत!

या टीमचे नमुने बघा. सीआरएच हे एरवी मेंदूतून स्ट्रेसचा निरोप धाडणारं, इथे गाठीत सापडतं. आयजीएफ२ ची गंमत म्हणजे सहसा वडिलांकडून आलेलीच प्रत चालू असते, आईकडची गप्प. आणि एबीएल१ हा हजेरी मास्तर: नमुन्यात पुरेशा पेशी आल्यात का, एवढंच तपासतो. हजेरी नाही, तर निकाल नाही!

‘जी’चा ‘टी’

‘ध’चा ‘मा’ झाला आणि नारायणराव पेशव्यांचा घात झाला, ही कथा आपल्याला पाठ. तस्संच पेशीतही होतं! १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरपेशींतल्या एचरास जनुकात शास्त्रज्ञांना फक्त एक अक्षर बदललेलं आढळलं: ‘जी’च्या जागी ‘टी’. तेवढ्यानं शिस्तीतलं जनुक कॅन्सरचं इंजिन बनलं. माणसाच्या कॅन्सरजनुकातली अशी एकाक्षरी चूक पहिल्यांदा पकडली गेली ती इथेच.

स्कोअरबोर्ड!

लघवीतल्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघायची पद्धत पॅप टेस्टवाल्या पापानिकोलाउ यांनी १९४५ मध्ये मांडली. दादा माणूस! पण सौम्य गाठी या पद्धतीच्या हातून निसटतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८५ रुग्णांच्या अभ्यासात मायक्रोस्कोपनं १०० पैकी ५६ कॅन्सर पकडले, पाच जनुकांनी ८२. टाळ्या! पण नीट ऐका: कॅन्सर नसलेल्या १०० जणांपैकी १५ जणांना जनुकांनी उगाच घाबरवलं असतं. म्हणून चुगली ऐकायची, पण शहानिशा करायची.

भू भू लॅबोरेटरी

आता एक रेसच्या बाहेरचा स्पर्धक! २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सहा कुत्र्यांना लघवी हुंगून मूत्राशयाचा कॅन्सर ओळखायला शिकवलं. नशिबावर सोडलं तर १४ टक्के जमलं असतं, त्यांनी ४१ टक्के करून दाखवलं. ट्रेनिंगमध्ये एका ‘निरोगी’ माणसाच्या नमुन्यापाशी कुत्री हटेचनात. पुन्हा तपासणी केली, तर त्याला किडनीचा कॅन्सर निघाला. सलाम त्या नाकांना!

मेणबत्ती ते कॅमेरा

शहानिशा कुठे? दुर्बिणीत! १८०६ मध्ये बोझिनी यांनी शरीरात डोकावायचं यंत्र केलं, त्यात दिवा होता मेणबत्तीचा. १८७७ मध्ये नित्झे यांनी विजेच्या तारेचा उजेड थेट मूत्राशयात नेला. आज बारीक कॅमेरा आहे, आणि गाठ आहे की नाही हे डोळ्यांनी बघायचं तर अजूनही तोच लागतो. जनुकं टिप देतात, पंचनामा दुर्बीण करते.

रंग आणि झुरका

१८९५ मध्ये जर्मन सर्जन लुडविग रेन यांनी दाखवलं की रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतोय. (पुढच्याच वर्षी त्यांनी भोसकलेलं हृदय शिवून रुग्ण वाचवला!) आज सगळ्यात मोठा गुन्हेगार सिगारेट-बिडी. धुरातली विषारी रसायनं रक्तातून गाळून लघवीत येतात आणि पिशवीत तासन्‌तास मुक्काम ठोकतात. झुरका छातीत, फटका ओटीपोटात!

शेवटचं ‘माहीत आहे का?’

या कॅन्सरची सर्वांत नेहमीची खूण कोणती? लाल लघवी, आणि तीही न दुखता! बीटाची कोशिंबीर खाल्ली तरी लघवी लालसर होऊ शकते, हे खरं. पण ‘उन्हाळी लागली असेल, धन्याचं पाणी पी’ म्हणून महिने काढू नका. एकदाच दिसली आणि थांबली, तरी युरॉलॉजिस्टकडे जा. लाज वाटते? पाचही जनुकं बिनधास्त बोलतात, मग आपण का गप्प बसायचं? घरातल्या बाबांना, काकांना, आज्जीलाही हे आजच सांगा.

डनीडिनची टेस्ट, दीड तासाचं कार्ट्रिज, नोबेलवाली एन्झाइम्स, सगळं नंतर. पहिली टेस्ट फुकट आहे आणि तुमच्याच घरात आहे: फ्लश दाबण्याआधी एक नजर!