शेवट माहीत असताना सुरुवात कशी वाचायची? नरसिंह रावांच्या कारकिर्दीतून संशोधनाचा एक धडा

पेट देऊन मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विषय सांगताना म्हणतात, "अमुक नेत्याची राजकीय कारकीर्द : एक अभ्यास." विषय चांगला आहे, पण हा अजून संशोधनाचा प्रश्न झालेला नाही. मी स्वतः विज्ञान शाखेचा, तरी सांगतो, अडचण सगळ्या शाखांत सारखीच असते. ती आज एका उदाहरणावरून बघू : माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव.

जालन्यात बसून हेच उदाहरण घेण्यामागे कारण आहे. १९४८ पर्यंत आपण आणि ते एकाच निजामी राज्यात होतो. रावांचा जन्म १९२१ चा, वरंगल भागातला. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनामुळे निजामाच्या राज्यातलं त्यांचं शिक्षण तुटलं आणि पुढचं शिक्षण पुणे-नागपूरकडे झालं. पदवी बी.एस्सी., नंतर कायदा. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रभावळीतले. पुढे त्यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झालेले शंकरराव चव्हाणही त्याच चळवळीतून आलेले.

आधी फक्त नोंदी

१९५७ ते १९७७ मंथनीचे आमदार. सप्टेंबर १९७१ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री. जमीन कमाल धारणेचा कायदा त्यांनी जोरात पुढे रेटला. त्यातच मुल्की नियमांचा, म्हणजे स्थानिकांना नोकरीत प्राधान्य देणाऱ्या निजामकालीन नियमांचा वाद पेटला. जय आंध्र आंदोलन उभं राहिलं आणि जानेवारी १९७३ मध्ये पद गेलं. पुढे दिल्लीत परराष्ट्र, गृह, संरक्षण, मनुष्यबळ विकास अशी खाती.

१९८४ ला दोन जागा लढवल्या. हनमकोंड्यात हरले, आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या रामटेकमधून जिंकले. त्या वर्षी भाजपचे देशभरात दोनच खासदार निवडून आले, त्यातले एक रावांना हरवून! १९८९ ला पुन्हा रामटेक. १९९१ ला उभेच राहिले नाहीत, निवृत्तीची तयारी सुरू होती. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि २१ जूनला राव पंतप्रधान झाले, तेही बहुमत नसलेल्या सरकारचे.

आता सापळा बघा

१९९१ माहीत असल्यामुळे आपण मागचं सगळं त्याकडे जाणारा रस्ता म्हणून वाचतो. "१९७३ मध्ये घाई केली आणि पडले. त्यातून शिकले. म्हणून १९९१ मध्ये गाजावाजा न करता सुधारणा केल्या." ऐकायला एकदम पटतं. पण मे १९९१ च्या सुरुवातीला हीच कारकीर्द लिहायला घेतली असती, तर शेवट काय केला असता? एक अनुभवी मंत्री निवृत्त झाला, एवढाच. नोंदी त्याच, अर्थ वेगळा. अर्थ बदलला तो पुढच्या एका घटनेने. यालाच पश्चातदृष्टीचा दोष म्हणतात.

दुसरी अडचण याहून मोठी. रावांचा स्वभाव थांबून बघणारा, फार न बोलणारा, असं सगळेच लिहितात. १९९१ च्या यशाचं श्रेय या स्वभावाला दिलं जातं, आणि ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पडली त्याचा दोषही याच स्वभावाला. एकच कारण यश आणि अपयश दोन्ही समजावत असेल, तर ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, याची अट आधी सांगावी लागते. नाहीतर ते कारण राहत नाही, नुसतं वर्णन होतं.

मग प्रश्न कसा करायचा?

स्पर्धक स्पष्टीकरणं शेजारी शेजारी ठेवा. १९९१ च्या सुधारणा का झाल्या? एक : व्यक्ती. राव पंतप्रधान होते आणि उद्योग खातंही त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. दोन : संकट. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं, जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण टाकावं लागलं. तीन : संसदेतलं गणित. लगेच दुसरी निवडणूक कुणालाच परवडणारी नव्हती.

आता प्रत्येकाला विचारा : तू खरा असशील तर पुढे काय दिसायला हवं? नुसतं संकट हेच कारण असतं, तर चलनसाठा सावरल्यावर सुधारणा थांबायला हव्या होत्या. पण १९९४ चं दूरसंचार धोरण नंतर आलं. कामगार कायद्यांना मात्र हात लागला नाही. आणि १९९३ च्या शेवटी पक्षफुटीतून बहुमत जमल्यावर वेग वाढला की कमी झाला? हे तपासता येतं. जे तपासता येतं तोच तुमचा प्रश्न.

घरचा अभ्यास

आपल्याकडे सहज म्हणतात, "९१ नंतर परवाने गेले म्हणून जालन्याचा सळईचा धंदा वाढला." जुलै १९९१ मध्ये पोलाद उद्योग खासगी क्षेत्राला खुला झाला, जानेवारी १९९२ मध्ये किंमत आणि वाटपावरचं नियंत्रण उठलं, हे खरं. पण हा बदल सगळ्या देशासाठी होता. मग जालन्यातच का, शेजारच्या परभणीत का नाही? इथे रोलिंग मिल आधीपासून किती होत्या? वीज, भंगार, बाजारपेठ यांचा वाटा किती? १९९१ च्या आधीची दहा वर्षं मोजल्याशिवाय नंतरच्या वाढीचं श्रेय रावांनाही देता येत नाही आणि धोरणालाही.

तुमच्या आराखड्याचं पहिलं पान काढा आणि दोन ओळी लिहा : "माझं म्हणणं चुकीचं असेल तर मला अमुक दिसेल", आणि "शेवट माहीत नसताना लिहिलेली अमुक कागदपत्रं मी वाचणार आहे", म्हणजे त्या-त्या वर्षीची वर्तमानपत्रं, विधानसभा आणि संसदेतल्या चर्चा. मुलाखतीत "यात नवीन काय?" असं कुणी विचारलं, तर या दोन ओळी दाखवा. त्या लिहिता येत नसतील तर विषय बदलायची गरज नाही, प्रश्न अजून बारीक करायची आहे.