जमाखर्चातला ‘जमा’

जपानी कांजीत माणसाच्या खुणेशेजारी झाडाची खूण काढली की ‘विसावा’ या अर्थाचं अक्षर तयार होतं. अरबीतही असे तुकडे जुळतात. फक्त ते चित्रांचे नव्हे, ध्वनींचे. बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजनं असतात. मधले स्वर बदलले, पुढे एखादं अक्षर लागलं की नवा शब्द होतो.

‘जीम-मीम-ऐन’ हे मूळ घ्या. अर्थ, एकत्र करणे. विद्यापीठ म्हणजे ‘जामिआ’. १९७७ साली स्थापन झालेलं कतार विद्यापीठ इथे ‘जामिअत कतर’. सगळे नमाजाला जमतात तो शुक्रवार ‘जुमा’. आणि आपल्या आजोबांच्या चोपडीतला ‘जमा’, तोही याच घरचा! आपला ‘हिशेब’ आणि इथला ‘मुहासिब’, म्हणजे अकाउंटंट, हीही सख्खी भावंडं.

असे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन त्यांना संस्कृत पर्याय दिले. पुढे १९२५ साली माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव जूलियनांचा, फार्शी-मराठी कोश आला.

माझी मुलगी शाळेत अरबी शिकते. ‘मराठीचा इथे काय उपयोग?’ हा तिचा प्रश्न माझ्यातल्या शिक्षिकेला झोंबला होता. आता ती दुकानांच्या पाट्या वाचते आणि फोनवर विचारते, ‘आजी, वकील, मालक, तारीख तुझ्याकडेपण आहेत?’ एरवी पाच मिनिटांत संपणारा फोन अर्धा तास चालतो, तोही मराठीत.

यंदा फराळाच्या ताटाशेजारी एक वही ठेवून पाहा. मुलं अरबी शब्द आणतील, आजी-आजोबा मराठी. जमेची बाजू आपोआप वाढेल.