आवरण म्हणजे स्क्रीन गार्ड नव्हे

बार्शीत बी.एस्सी.च्या मुलांसमोर अणूइतक्या पातळ अर्धवाहकांचा विषय काढला की हा प्रश्न हमखास येतो: "सर, वरचं आवरण म्हणजे मोबाईलचं स्क्रीन गार्डच ना? धूळ, ओल लागू नये म्हणून?" दोष मुलांचा नाही, त्यांना तसंच सांगितलं जातं. पण या समजुतीत विषयाचा गाभाच हरवतो आणि हे पुन्हा पुन्हा घडताना पाहून चीड येते.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एक पदर साधारण 0.65 नॅनोमीटर जाड असतो. मध्ये मॉलिब्डेनम, वर-खाली गंधक. एवढ्या पातळ पदार्थाला 'आतला भाग' उरतच नाही, सगळा पृष्ठभागच. तो सिलिकॉन डायऑक्साइडवर ठेवला की त्या ऑक्साइडमध्ये अडकलेले विद्युतभार, पृष्ठभागावरचे अपुरे बंध आणि खडबडीतपणा हे सारं इलेक्ट्रॉनला थेट जाणवतं. इलेक्ट्रॉन विखुरतात, मोबिलिटी म्हणजे त्यांची वाहण्याची सहजता घसरते. म्हणजे त्रास खालूनही होतो. मग नुसतं वरून झाकून काय साधणार?

यावर उपाय हेक्झॅगोनल बोरॉन नायट्राइडचा. हा विद्युतरोधक अणूंच्या पातळीवर सपाट असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर मोकळे बंध जवळपास नसतात. कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने 2010 मध्ये ग्राफीन (कार्बनचा अणूइतका पातळ थर) त्यावर ठेवलं आणि मोबिलिटी कितीतरी वाढली. 2015 मध्ये तिथल्याच संशोधकांनी मॉलिब्डेनम डायसल्फाइड बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये बंद केलं. सहा पदरांच्या नमुन्यात, अतिशीत तापमानाला, मोबिलिटी 34,000 चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंदपर्यंत गेली. खोलीच्या तापमानाला स्फटिकाची कंपनं आड येतात, त्यामुळे तेव्हा हा आकडा मिळत नाही, हेही मुलांना सांगायलाच हवं. पण स्क्रीन गार्ड लावून मोबाईलचा वेग वाढत नाही. इथे शेजारचा थर बदलला की उपकरणाचे गुणच बदलतात.

हवेचा धोका मात्र खोटा नाही. काळा फॉस्फरस हा असाच एक पातळ अर्धवाहक ऑक्सिजन, ओल आणि प्रकाश यांनी लवकर खराब होतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने 2014 मध्ये अ‍ॅल्युमिनाच्या थराखाली त्याचे ट्रान्झिस्टर दोन आठवड्यांहून अधिक काळ उघड्या हवेत टिकवून दाखवले.

आणखीही काही गैरसमज ऐकू येतात. "कुठलाही ऑक्साइड चालतो." नाही. अशा पातळ पदार्थांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ऑक्साइड सहज धरत नाही, आणि धरला तरी स्वतःचे विद्युतभार सोबत आणतो.

"झाकलं की जुने दोषही भरून निघतात." नाही. गंधकाच्या रिकाम्या जागा तशाच राहतात आणि थरांमध्ये अडकलेलं पाणीही आपोआप निघत नाही.

"पुढच्या वर्षी फोनमध्ये येईल." उत्तम नमुने अजूनही लहान तुकडे एकावर एक रचून बनतात. कारखान्याला लागते ती अख्खी चकती (वेफर).

"हे सगळं परदेशातच चालतं." मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट बोरॉन नायट्राइडमध्ये बंद केलेल्या ग्राफीनवर काम करतो, आणि आयआयटी मुंबईत सौरभ लोढा यांचा गट अशाच पातळ अर्धवाहकांच्या ट्रान्झिस्टरवर. आयआयटी मुंबईची नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची सुविधा 'आयएनयूपी' या केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून बाहेरच्या महाविद्यालयांनाही वापरता येते. बार्शीतल्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी तिथे जरूर अर्ज करावा.