डोकं आहे, पण करत नाही: सुट्टीतल्या भाषेसाठी काय निवडावं?

वार्षिक परीक्षा संपली की 'डोकं आहे, पण करत नाही' अशी ज्याच्याबद्दल तक्रार असते, त्या मुलासाठी सुट्टीची वही आणली जाते. हुशार आहे म्हणून पुढच्या इयत्तेची, आणि करत नाही म्हणून रोज ठरावीक पानं भरून घेणारी. ही निवड दोन्ही बाजूंनी चुकते, असं माझं ठाम मत आहे. उतारा वाचायचा आणि खालच्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची, तीही विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली. अशा कामात हुशार मुलाला काही अर्थ दिसत नाही. सहावीऐवजी सातवीचा उतारा दिल्याने तो दिसू लागेल, असंही नाही. म्हणून सुट्टीत भाषेसाठी काही निवडताना इयत्तेच्या आधी विषय पाहावा, आणि तो विषय मुलाने ठरवलेला असावा.

यामागे निव्वळ लाड नाही. 1988 साली अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. ज्यांचं वाचन कच्चं मानलं जाई, पण ज्यांना बेसबॉल कळत होता, त्या मुलांना तो मजकूर खेळाची माहिती नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा अधिक समजला. वाचनाची ताकद विषयाच्या जाणकारीवर इतकी अवलंबून असते. रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅक्गिल-फ्रान्झेन यांनी फ्लोरिडातल्या गरीब घरांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तकं दिली, बहुतेक मुलांनीच निवडलेली. पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची वाचनातली प्रगती सरस ठरली. ही मुलं 'हुशार पण कंटाळलेली' म्हणून निवडलेली नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी निवडीचा हक्क देऊन वाचन बिघडत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण इंग्रजी माध्यमातल्या अनेक मुलांचं मराठी वाचन त्यांच्या बुद्धीच्या मागे राहतं. बारा वर्षांच्या मुलाला कृष्णविवरांविषयी प्रश्न पडतात आणि मराठीत मात्र जोडाक्षराशी अडखळायला होतं. त्याला झेपेल ते पुस्तक लहान मुलांचं निघतं, आणि त्याला आवडेल ते वाचताना दमछाक होते. मग तो 'मराठी बोअर आहे' म्हणतो, आणि आपण त्याला आळशी ठरवतो. इथे वही काहीही करू शकत नाही. उपयोगी पडतं ते मोठ्याने वाचून दाखवणं. कानाने समजण्याची मुलांची ताकद डोळ्यांनी वाचण्यापेक्षा बराच काळ पुढे असते. यंत्रमानवाचं वेड असेल तर जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला', साहस हवं असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे किंवा त्यांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. पहिली काही प्रकरणं घरातल्या कुणीतरी वाचावीत आणि गोष्ट ऐन अडचणीत आली की पुस्तक त्याच्या हाती द्यावं. छोट्या मजकुरासाठी 1971 पासून निघणाऱ्या 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. त्यांतलं काय वाचायचं, तेही मुलालाच ठरवू द्यावं.

यावर पालकांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: निवडायला दिलं तर तो क्रिकेट नाही तर कॉमिक्सच निवडेल. निवडू द्या. खेळाडूचं चरित्र वाचणारा मुलगा लांब वाक्यं, काळाची उलटापालट आणि लेखकाचा पक्षपात या सगळ्याला सामोरा जातोच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बक्षीस किंवा धाक नसेल तर असा मुलगा पुस्तकाला हातच लावणार नाही. धाकाने दोन आठवडे पानं भरतील, हे मान्य. पण 1973 साली स्टॅनफर्डमध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधी सांगून प्रशस्तिपत्रं दिली. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या जेमतेम निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. ज्याची गोडी आधीच तोळामासा आहे, त्याच्याशी पानामागे पैसे किंवा मोबाइलची वेळ असा सौदा करणं मला धोक्याचं वाटतं.

राहिलं शुद्धलेखन आणि व्याकरण. ते सोडावं असं मी म्हणत नाही; त्याला खरा वाचक मिळावा, एवढंच म्हणतो. गावच्या आजोबांना लिहायचं पत्र, सोसायटीच्या फलकावर लावायचा सामन्याचा वृत्तान्त, धाकट्या भावंडासाठी खेळाचे नियम: असं काही लिहून झालं की ऱ्हस्व-दीर्घ तपासायला कारण मिळतं. वही हवीच असेल तर माधुरी पुरंदरे यांची 'लिहावे नेटके' पाहावी, तीही मुलाला अडेल त्या ठिकाणी उघडण्यासाठी, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत भरून काढण्यासाठी नव्हे. आणि निवडलेलं पुस्तक आठवड्याभरात रुचलं नाही, तर ते अर्धवट सोडून दुसरं घेण्याची मुभा मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी.