एकरी चार हजार आणि मातीची राखण
जंगलाकाठच्या शेतकऱ्याला निसर्ग जपण्यासाठी सरकार पैसे देते, म्हणजे नेमके काय देते?

गोंदिया : तिरोड्याहून नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाणारा पर्यटक चोरखमाऱ्याला पोहोचतो, तेव्हा त्याचे लक्ष प्रवेशद्वाराकडे आणि घड्याळाकडे असते. सफारीची वेळ चुकू नये, एवढीच त्याची चिंता. द्वाराच्या अलीकडे एक विस्तीर्ण तलाव आहे आणि तलावाच्या पाण्यावर पोसलेल्या धानाच्या बांध्या आहेत, हे त्याला दिसते. परंतु ते त्याच्या सहलीचा भाग नसते. १९७० साली अभयारण्य झालेले नागझिरा डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणलेल्या दोन वाघिणी येथे सोडण्यात आल्या. जंगलाचे वैभव वाढावे म्हणून शासन खर्च करते, हे त्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याच जंगलाच्या कडेला धान पिकवणाऱ्याने माती, पाणी आणि रानजीव जपावेत म्हणून त्याच्या हाती किती रक्कम पडते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

हा हिशेब मांडताना पहिली अडचण शब्दांची येते. गावात 'सरकारी पैसे' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. रानडुकराने धान लोळवले तर वनविभाग देतो ती नुकसानभरपाई; ती झालेल्या हानीबद्दल असते. कुंपण, शेततळे किंवा जैविक निविष्ठा यांच्या खर्चाचा काही वाटा शासन उचलते ते अनुदान. आणि शेतकऱ्याने एखादी पद्धत अंगीकारली किंवा सोडली, एवढ्यासाठीच दिली जाते ती प्रोत्साहन रक्कम. यांपैकी तिसरी गोष्ट आपल्याकडे नवीन आहे आणि तिची रक्कम सर्वांत लहान आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. २०२५-२६ पर्यंतच्या कालावधीसाठी केंद्र व राज्ये मिळून २,४८१ कोटी रुपयांची तरतूद, १५ हजार गट आणि साडेसात लाख हेक्टर क्षेत्र, असा त्याचा आराखडा होता. एक गट म्हणजे साधारण ५० हेक्टर आणि १२५ शेतकरी. रासायनिक खते व कीटकनाशके सोडून शेण, गोमूत्र, जीवामृत, आच्छादन यांच्या आधारे शेती करणाऱ्याला एकरी वर्षाला ४ हजार रुपये, तेही दोन वर्षे, अशी प्रोत्साहन रक्कम त्यात ठरवण्यात आली. १२५ शेतकरी आणि ५० हेक्टर हे गणित मांडले की लक्षात येते : प्रत्येकाच्या वाट्याला एकच एकर येतो. म्हणजे शेतकऱ्याला वर्षाकाठी मिळणार ४ हजार रुपये.

आता हेच धानाच्या बाजूने पाहू. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. रासायनिक खत एकदम बंद केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत उत्पादन घटते, हा या बदलातील सर्वांत अवघड टप्पा. एकरी केवळ दोन क्विंटल धान कमी झाले, तरी ४,६०० रुपये गेले. प्रोत्साहनाची रक्कम तेथेच संपते. खत-औषधांचा खर्च वाचतो हे खरे. पण ४५ किलो युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांत मिळते, कारण तिच्या खऱ्या किमतीचा मोठा भाग सरकारच भरते. त्यामुळे बचत कागदावर वाटते तेवढी नसते. एका हाताने रसायन स्वस्त करायचे आणि दुसऱ्या हाताने ते सोडण्याबद्दल पैसे द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

धानाचा बोनस

याहून मोठी विसंगती राज्याच्या स्वतःच्या तिजोरीत आहे. पूर्व विदर्भात 'बोनस' हा शब्द धानाशी असा जोडला गेला आहे की निवडणुकीच्या सभेत त्याचा उल्लेख टाळणारा उमेदवार सापडणार नाही. पूर्वी तो विकलेल्या क्विंटलवर मिळे. २०२०-२१ च्या सुमारास ७०० रुपये क्विंटल असा दर होता. त्यात शेजारच्या राज्यातील धान येथे आणून विकण्याचे प्रकार होत असल्याच्या तक्रारी वाढल्या. मग पद्धत बदलली. २०२२-२३ साठी हेक्टरी १५ हजार, त्यानंतरच्या दोन हंगामांसाठी हेक्टरी २० हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी रक्कम नोंदणीकृत शेतकऱ्यांसाठी जाहीर झाली. धान केंद्रावर विकले की नाही याच्याशी तिचा संबंध उरला नाही.

हेक्टरी २० हजार म्हणजे एकरी सुमारे आठ हजार. म्हणजे नुसता धान लावल्याबद्दल एकरी आठ हजार आणि तो रसायनाविना लावल्याबद्दल त्याच्या निम्मे. शिवाय पहिली रक्कम दोन हेक्टरपर्यंत, दुसरी एका एकरापुरती. बोनस देऊ नये, असे येथे सुचवायचे नाही. एकच पीक घेणाऱ्या आणि हमीभावावर अवलंबून असलेल्या या जिल्ह्यात ती रक्कम अनेक घरांचा वर्षाचा तोल सांभाळते. पण क्विंटलवरून हेक्टरवर येताना शासनाने नकळत एक दार उघडले आहे. उत्पादनाशी नाते तुटलेली, थेट खात्यात जाणारी, क्षेत्रावर मोजली जाणारी रक्कम हाच जगभर संवर्धनाच्या मोबदल्याचा साचा आहे. त्या रकमेतील थोडा भाग बांधावरची झाडे, तलावाची पाळ किंवा कमी खत यांच्याशी जोडता आला असता. तसे झालेले नाही.

हरियाणाने २०२० मध्ये नेमका उलटा मार्ग धरला. भूजल झपाट्याने खाली जात असलेल्या त्या राज्याने धान सोडून मका, कापूस किंवा कडधान्य घेणाऱ्याला एकरी ७ हजार रुपये देऊ केले. तेथे धान हे पराये पीक, नलिकाकूपांवर पोसलेले. गोंदियात ते मातीचेच पीक आहे आणि पावसाचे व तलावाचे पाणी पिते. म्हणून हरियाणाची योजना येथे जशीच्या तशी चालणार नाही. मात्र सरकारने मनात आणले तर पीकपद्धतीची किंमत ठरवता येते, एवढे त्यातून दिसले.

तलाव, गाळ आणि पाळ

चोरखमाऱ्याचा तलाव १९२३ मधला आहे. तालुक्यातलाच बोदलकसा त्याच्या सहा वर्षे आधीचा. हे मोठे तलाव ब्रिटिश राजवटीत झाले. त्यांच्या कितीतरी आधीपासून गोंड राजांच्या आश्रयाने आणि कोहळी समाजाच्या कौशल्याने या भागात तलाव बांधले जात होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या पट्ट्यात आजही असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव गणले जातात. लोक त्यांना थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे आले आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. पूर्वी उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकणे हा गावाच्या नित्यक्रमाचा भाग होता. तो थांबल्यावर तलाव उथळ झाले आणि काठावर बेशरम माजली.

मनीष राजनकर यांनी भंडारा-गोंदिया परिसरातील धीवर समाजासोबत केलेले काम या संदर्भात महत्त्वाचे ठरते. बेशरम उपटणे, तलावात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे, देशी मासे वाढू देणे, अशा साध्या कृतींनी तलाव जिवंत होतात, हे त्या प्रयत्नांतून दिसले. तलाव केवळ सिंचनाचे साधन नसून मासे, पाखरे आणि ओलावा यांचे घर आहे, ही जाण धीवरांकडे होतीच.

शासनाची या बाबतीतील सर्वांत सोपी आणि, या वार्ताहराच्या मते, सर्वांत समंजस योजना म्हणजे २०१७ ची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. आरंभी गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने स्वतः करायचा होता. साहजिकच ज्याच्याकडे ट्रॅक्टर होता त्याच्या शेतात गाळ गेला. जानेवारी २०२३ मध्ये योजना नव्या रूपात आली, तेव्हा अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी एकरी १५ हजार रुपयांपर्यंत, अडीच एकराच्या मर्यादेत म्हणजे जास्तीत जास्त ३७,५०० रुपये, असे अनुदान ठेवण्यात आले. एकाच खर्चात तलाव खोल होतो आणि शेताला सुपीक माती मिळते. खताची गरज त्यामुळे आपोआप घटते. अडचण वेळेची आहे. तलाव आटल्यापासून मृग लागेपर्यंतचे काही आठवडे एवढाच अवधी मिळतो. शिवाय आधी ट्रॅक्टरचे भाडे द्यायचे आणि नंतर अनुदानाची वाट पाहायची, हे लहान शेतकऱ्याला जड जाते. चोरखमाऱ्यासारखा मोठा तलाव योजनेच्या प्राधान्यक्रमातही बसत नाही. तेथे अडीचशे हेक्टरांहून कमी लाभक्षेत्राच्या तलावांचा विचार आधी होतो. परंतु आसपासच्या बोड्या आणि लहान मामा तलाव त्यात नक्की बसतात.

कुंपणापलीकडे

जंगलालगतच्या गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. व्याघ्र प्रकल्पांच्या बफर क्षेत्रातील आणि पुढे अभयारण्यांपासून दोन किलोमीटरच्या परिसरातील गावे तिच्या कक्षेत आली. सरपणासाठी जंगलात जावे लागू नये म्हणून स्वयंपाकाचा गॅस, उघड्या विहिरीत वन्यप्राणी पडू नयेत म्हणून कठडे, आणि पिकाच्या राखणीसाठी सौर कुंपण अशी तिची अंगे आहेत. कुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम ठरली. विहिरीचा कठडा ही दिसायला किरकोळ बाब आहे, पण रात्री पाण्याच्या शोधात आलेले जनावर त्यामुळे वाचते आणि शेतकऱ्यामागची चौकशीही टळते. सौर कुंपणाची गोष्ट थोडी निराळी. एकाने कुंपण घातले की रानडुकरे शेजारच्या बांधीत जातात. म्हणून ते शेतागणिक न देता शिवारभर एकत्र घालणे अधिक उपयोगी.

सारसाचे उदाहरण याहून नाजूक आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. चोरखमाऱ्याच्या जंगलकाठापेक्षा वैनगंगा व बाघ नद्यांच्या खोऱ्यांतील धानशेतीत. तो पावसाळ्यात, ऐन रोवणीनंतर, बांधीतच घरटे करतो. शेतकऱ्याने महिनाभर त्या कोपऱ्यात पाय ठेवू नये, फवारणी करू नये, एवढीच अपेक्षा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली आणि जिल्हास्तरीय सारस संवर्धन समित्या झाल्या. कंबोडियात २००९ पासून 'आयबिस राइस' नावाने तांदूळ विकला जातो. जंगल न तोडण्याचे आणि दुर्मीळ पाखरांना न मारण्याचे बंधन पाळणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी बाजारापेक्षा अधिक दर मिळतो. सारसाच्या बांधीतला तांदूळ नागपूर-मुंबईच्या ग्राहकाला असा विकता येईल का, हा प्रश्न कोणीतरी हाती घेण्याजोगा आहे.

अमेरिकेने १९८५ च्या कृषी कायद्यात धूप होणारी जमीन पेरणीतून काढून गवताखाली आणणाऱ्याला वार्षिक भाडे देण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्या कराराची मुदत दहा ते पंधरा वर्षांची असते. आपले नैसर्गिक शेतीचे प्रोत्साहन दोन वर्षांचे. माती सुधारायला लागणारा काळ आणि योजनेचा काळ यांचे हे प्रमाण बोलके आहे. एक गोष्ट मात्र अमेरिकेतही सुटलेली नाही : जो शेतकरी आधीपासूनच नीट वागत आला, त्याला काय द्यायचे? ज्याने कधी युरिया फारसा वापरलाच नाही, त्याने सोडायचे तरी काय?

आणि सातबारा. यातील बहुतेक रकमा उताऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जातात. धान प्रत्यक्ष पिकवणारा बटईदार, रोवणी-निंदणी करणारी घरची स्त्री, तलावातली बेशरम उपटणारा धीवर यांची नावे त्या उताऱ्यावर नसतात. गाळ कोणी वाहिला, घरटे कोणी राखले आणि पैसे कोणाला मिळाले, ही तीन नावे गावात अनेकदा वेगवेगळी निघतात.